मदत हवी आहे : माहिती अधिकारात मूळ एक्सेल फाइल मिळवण्याबाबत

नागपुरातील एका शासकीय कार्यालयाकडे मी आमच्या प्रभागातील रस्तेदुरुस्तीच्या देयकांची नोंदवही माहिती अधिकार अधिनियम, 2005 नुसार मागितली होती. ती संगणकावर एक्सेलमध्ये ठेवली जाते, म्हणून संगणकीय स्वरूपात माहिती मिळवण्याचा अधिकार देणाऱ्या कलम 2(ञ) चा आधार घेऊन अर्जातच मूळ फाइल सीडीवर किंवा ईमेलने मागितली आणि शुल्क भरण्याची तयारीही लिहून दिली. प्रत्यक्षात कागदी प्रतींचा गठ्ठा मिळाला. त्यात रकाने पानाच्या कडेला तुटलेले आहेत आणि अनेक ठिकाणी रकमेच्या जागी नुसती हॅशची चिन्हे छापली गेली आहेत. अशा प्रतींवरून बेरीज पडताळणे अशक्य आहे.

प्रथम अपील फेटाळले गेले. आदेशात दोन कारणे आहेत : मूळ फाइलमध्ये फेरफार होऊ शकतो, आणि मागितलेल्या स्वरूपात माहिती देण्यासाठी कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागेल (कलम 7(9)). तयार फाइलची प्रत देण्यापेक्षा ती छापण्यातच अधिक श्रम गेले असणार, त्यामुळे दुसरे कारण मला मुळीच पटत नाही. माहिती वैयक्तिक किंवा गोपनीय असल्याचे कार्यालयाने कुठेही म्हटलेले नाही. अभिलेख पाहणीचा पर्याय मला नको आहे, कारण मला आकडेमोड करायची आहे.

राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे द्वितीय अपील करण्याची 90 दिवसांची मुदत अजून शिल्लक आहे. फेरफाराची भीती हे नकाराचे कारण अधिनियमात बसते का, आणि मूळ स्वरूपातील फाइल देण्याचा आयोगाचा किंवा उच्च न्यायालयाचा एखादा आदेश कोणाकडे क्रमांकासह आहे का?