मदत हवी आहे: जुना जीपीएस दर वेळी शंभर मीटर पश्चिमेला नेतो. ठेवू, विकू की दुसरा घेऊ?

सातारची_लेक:

नमस्कार मंडळी,

आम्ही ऑरेगनमध्ये, पोर्टलंडजवळ राहतो. साताऱ्याहून माझे बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, ऑक्टोबरअखेर परत जातील. भूमी अभिलेख खात्यात भूमापक म्हणून त्यांची नोकरी झाली. आयुष्य साखळी, प्लेन टेबल आणि बांधावरच्या भांडणांत गेलं. इथे आल्यावर पहिले दोन आठवडे ते नुसते खिडकीशी बसून असायचे. मला फार वाईट वाटायचं. मग माझ्या अकरा वर्षांच्या लेकीनं त्यांना जिओकॅशिंगला नेलं आणि माणूसच बदलला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी एक डबा लपवून ठेवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. आपण जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तस्साच परत ठेवायचा. अशा डब्याला जिओकॅश किंवा नुसतं कॅश म्हणतात. हा खेळ सुरू झाला तो आमच्याच भागात. नागरी जीपीएसमध्ये अमेरिकी सरकार मुद्दाम मिसळत असलेली चूक मे २००० च्या सुरुवातीला बंद झाली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आज तिथे फलक आहे. बाबांना तिथे नेलं तेव्हा त्यांनी पायताणं काढली नाहीत एवढंच, बाकी सगळं देवळात गेल्यासारखं.

आता अडचण. डोंगरात आणि दरीत फोनला रेंज नसते. पाऊस लागला की ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. म्हणून मी एका घरगुती विक्रीतून २५ डॉलरला हातात धरायचा जुना जीपीएस आणला (फोटो जोडलाय). निळा, पेन्सिल सेलवर चालणारा, वीसेक वर्षांपूर्वीचा. संगणकाला जोडायची केबल मिळाली नाही, त्यामुळे आकडे हातानं भरावे लागतात. ते काम लेक करते, आजोबा मोठ्यानं वाचून दाखवतात.

आठ ठिकाणी गेलो. आठही वेळा डब्यापासून शंभरेक मीटरवर नेऊन यंत्र म्हणतं, पोचलात! फोन चालू असेल तिथे फोन बरोबर जागा दाखवतो आणि हा मात्र पश्चिमेला. आधी वाटलं झाडांमुळे असेल, इथले डग्लस फर म्हणजे आभाळच झाकून टाकतात. पण उघड्या मैदानावरही तेच. बाबा दोन दिवस गप्प होते आणि मग म्हणाले, "यंत्र बिघडलं असतं तर चूक चहूबाजूंनी पडली असती. ही एकाच अंगाला पडतेय. म्हणजे यंत्राचा दोष नाही, आपण कुठेतरी चुकतोय."

तरीही मला दुसरा घ्यावासा वाटतोय. माझे प्रश्न:

हा दुरुस्त होईल का? होत नसेल तर दोष न सांगता कुणाच्या गळ्यात मारायचा नाही, हे नक्की.

दुसरा घ्यायचा तर कुठला? दीडशे डॉलरपर्यंत परवडेल. वापरलेल्यांमध्ये गार्मिन कंपनीचे ईट्रेक्स २२एक्स आणि जीपीएसमॅप ६४एस दिसतात. नवा ईट्रेक्स एसई त्याच किमतीत बसतो. तिन्हींची वर्णनं वाचून डोकं भणभणलंय. शिवाय एकजण जीपीएसमॅप ६६आय देतोय, तोही मोहात पाडतोय.

आणि तिसरं, तो बाबांबरोबर भारतात पाठवता येईल का? त्यांना वासोट्याला न्यायचाय.

फर_आणि_नेचे:

ताई, सिअॅटलहून लिहितोय. तुमच्या बाबांचं निदान अचूक आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा.

आधी एक शंका दूर करतो. ती मुद्दाम मिसळलेली चूकसुद्धा शंभर मीटरच्या घरातली असायची, म्हणून काही लोक जुन्या यंत्राला अजून तोच दोष देतात. पण ती मिनिटामिनिटाला इकडे-तिकडे भटकायची, रोज पश्चिमेला बोट दाखवत नव्हती. शिवाय ती उपग्रहाकडून यायची, यंत्रातून नव्हे. २००० पासून ती कुठल्याच यंत्रात दिसणार नाही.

सेटअपमध्ये जा, तिथे युनिट्स उघडा आणि 'मॅप डेटम' बघा, म्हणजे अक्षांश-रेखांश कुठल्या आधारावर मोजायचे ते. माझी पैज आहे की तिथे एनएडी २७ असेल. अमेरिकेचे जुने छापील नकाशे या १९२७ च्या आधारावर काढलेले होते. आधीचा मालक कागदी नकाशा घेऊन शिकारीला किंवा मासेमारीला जात असेल तर त्यानं यंत्र नकाशाशी जुळवून ठेवलं असणार. जिओकॅशचे सगळे आकडे डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे जीपीएसच्या स्वतःच्या आधारावर असतात. ते तुम्ही हातानं भरता आणि यंत्र त्यांना एनएडी २७ चे समजतं. ऑरेगनमध्ये या दोहोंत शंभरेक मीटरचा फरक पडतो, बहुतेक सगळा पूर्व-पश्चिम. केबलनं फाइल चढवली असती तर हा घोळ झालाच नसता, कारण फाइलमधले आकडे यंत्र डब्ल्यूजीएस ८४ चेच मानतं. खोट हातानं भरण्यात आहे.

तिथेच 'पोझिशन फॉरमॅट'ही बघून घ्या. अंश आणि दशांश मिनिटं हवीत, मिनिटांना तीन दशांश स्थळं. शेवटचा आकडा एकानं चुकला तर उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर, आणि आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम साधारण १.३ मीटर. त्यामुळे लेकीला सांगा, शेवटच्या आकड्यात एकाचा फरक झाला तर रडायचं नाही, पण मधला आकडा नीट बघायचा.

बदल करायच्या आधी भरून ठेवलेल्या आठही खुणा पुसा आणि नंतर नव्यानं भरा. नाहीतर त्या जुन्या चुकीसकट तशाच राहतील.

पायवाट_जुनी:

वरचं उत्तर बरोबरच आहे, मी फक्त खरेदीबद्दल सांगते. मी पाच-सहा यंत्रं घेतली-विकली आहेत.

जिओकॅशिंगमध्ये खरी परीक्षा शेवटच्या दहा मीटरची. तिथे आपण चालत नाही, थांबतो, वाकतो, पानं बाजूला करतो. ज्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही त्याला दिशा कळते ती फक्त आपण चालत असताना, मागची जागा आणि आत्ताची जागा ताडून. थांबलात की बाण गरगर फिरायला लागतो. ईट्रेक्स २२एक्समध्ये हे होकायंत्र नाही, ३२एक्समध्ये आहे. नावात एवढासा फरक, पण लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असताना तोच महत्त्वाचा.

एसईमध्ये होकायंत्र आहे, सेल खूप दिवस पुरतात आणि उन्हात पडदा स्वच्छ दिसतो. पण नकाशा चढवता येत नाही आणि पडदा रंगीत नाही. कॅशची माहिती फोनवरून ब्लूटूथनं घेतो. फोन सोडायचा म्हणून यंत्र घ्यायचं आणि पुन्हा फोन खिशात बाळगायचा, हे मला पटत नाही.

माझं मत ६४एस. जड आहे, दिसायला ओबडधोबड आहे, सेलही ईट्रेक्सपेक्षा लवकर संपतात. पण डोक्यावर जो जाडसर खुंट दिसतो तो त्याचा अँटेना. दाट झाडीत आणि कड्याखाली मला तो सपाट अँटेनाच्या यंत्रांपेक्षा नेहमी स्थिर वाटलाय. सगळा कारभार मोठ्या बटणांवर, त्यामुळे हातमोजे घालूनही चालतो. बाबांच्या बोटांना ईट्रेक्सचा तो छोटा जॉयस्टिक त्रास देईल. नाव नीट वाचा: 'एस' नसलेल्या साध्या ६४मध्ये होकायंत्र नाही.

वापरलेलं घेताना घरात बसून बघू नका, विकणाऱ्याला मोकळ्या पार्किंगमध्ये भेटा. सेलचं झाकण उघडून पत्र्यांवर हिरवट-पांढरी पूड आहे का बघा. कडेची रबरी पट्टी बोटानं दाबा, चिकट किंवा सुटलेली असेल तर पावसात पाणी शिरेल. केबलच्या तोंडावरची रबरी टोपी फाटलेली नको. मग चालू करून थांबा. बरेच महिने कपाटात पडलेल्या यंत्राला उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक नव्यानं उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात, तेव्हा पाच मिनिटांत वैतागून 'खराब आहे' म्हणू नका. फार जुन्या यंत्रावर तारीख वीसेक वर्षं मागची दिसली तर घाबरू नका. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ झाले की शून्यावर येतो आणि ६ एप्रिल २०१९ ला तो आला. जागा बरोबरच दाखवतं, तारीख तेवढी चुकते.

केबल मिनी-यूएसबीची लागेल, आणि नुसती चार्जिंगची नको, डेटाची हवी. रिचार्ज होणारे सेल वापरलेत तर सेटिंगमध्ये तसं निवडा, नाहीतर सेल शिल्लक असतानाच यंत्र 'संपले' म्हणतं. जिओकॅशिंगचं सशुल्क सदस्यत्व घेतलंत तर एका वेळी हजारपर्यंत कॅशेसची फाइल मिळते. ती यंत्राच्या जीपीएक्स फोल्डरमध्ये टाकायची की झालं. हातानं भरणं संपलं.

जुना विकलात तर आधी आपल्या घराची खूण पुसा. लोक ती 'होम' नावानं आत तशीच ठेवून देतात.

घाटमाथा:

पुण्याहून. काकांना रामराम!

६६आय घेऊ नका, निदान भारतात पाठवायला तर अजिबात नाही. नावाशेवटी 'आय' असलेल्या ६६आय, ६७आय, ८६आय, माँटाना ७००आय या यंत्रांत उपग्रहावरून संदेश पाठवायची सोय असते. परवान्याशिवाय असं उपकरण भारतात बाळगायला बंदी आहे. गोवा आणि दिल्ली विमानतळांवर परदेशी प्रवाशांना यावरून पोलिसांना तोंड द्यावं लागलंय. सत्तरीच्या माणसाला त्या प्रसंगात टाकू नका. नुसते सिग्नल घेणारं, काहीही न पाठवणारं यंत्र ही माझ्या मते वेगळी गोष्ट आहे, तरी न्यायच्या आधी नियम विचारून घ्या. माझं साधं ईट्रेक्स बरोबर घेऊन मी अनेकदा विमानानं फिरलोय.

वासोट्यासाठी नकाशा विकत घ्यायची गरज नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले गार्मिनसाठीचे नकाशे फुकट मिळतात आणि ६४एसमध्ये मेमरी कार्ड चालतं. बामणोलीहून लाँचनं पलीकडे गेलात की फोनची रेंज जाते, तिथून पुढे हे यंत्र खरं कामाचं. मात्र वनखात्याची परवानगी काढून जा आणि पावसाळ्यात नाही.

सातारची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी तुमची उत्तरं बाबांना वाचून दाखवली. 'डेटम' शब्द ऐकला आणि ते खुर्चीतून उठलेच. यंत्र उघडलं: एनएडी २७.

बाबा बराच वेळ बोलत राहिले. आपल्याकडच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे सरकारी भूनकाशे, जॉर्ज एव्हरेस्ट यांनी धरलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आणि त्या सगळ्यांचा मूळ बिंदू मध्य प्रदेशात कल्याणपूरला. इथल्या एनएडी २७ चा मूळ बिंदू कॅन्ससमधल्या मीड्स रँचवर. "प्रत्येकानं पृथ्वी आपल्या अंगणातून मोजली," असं म्हणाले. जुनी टोपोशीट आणि जीपीएस न जुळवता वापरले तर साताऱ्यातही शंभरेक मीटरचीच चूक पडते, हे त्यांनी लेकीला कागदावर दोन अंडाकृती काढून समजावलं. तिनं तो कागद फ्रिजवर लावलाय.

आज सकाळी फॉरेस्ट पार्कमध्ये गेलो. आठांपैकी तीन कॅशेस नव्यानं भरल्या. तिन्ही वेळा यंत्रानं पाच-सात मीटरच्या आत आणून सोडलं. तिसऱ्या ठिकाणी बाण फिरायला लागला, अगदी पायवाटताईंनी लिहिल्यासारखा. लेक नेच्यांत शिरून पानं उपसत होती. बाबा मात्र एका फरच्या बुंध्याशी उभे राहिले, सालीवर हात ठेवून. मुळांच्या बेचक्यात पाच-सहा काटक्या शेजारी-शेजारी आडव्या होत्या. म्हणाले, "वरून पडलेली काटकी अशी निजत नाही. ही कुणीतरी निजवलीय." काटक्या उचलल्या तर खाली हिरव्या फडक्यात गुंडाळलेला डबा. वहीत त्यांनी मराठीत सही केली, तारखेसकट.

तर जुनं यंत्र विकत नाही, ते बाबांकडेच राहणार. आधीच्या मालकाच्या खुणा आम्ही पुसल्या. बहुतेक नदीकाठच्या होत्या, म्हणजे मासेमारीचा अंदाज खरा असावा.

६६आयवाल्याला नाही कळवलं. ६४एस विकणारे एक गृहस्थ रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या पार्किंगमध्ये भेटणार आहेत. बाबा येताहेत, खिशात चार नवे पेन्सिल सेल घेऊन. आणखी काय तपासून बघायला हवं ते कुणाला सुचलं तर शनिवार रात्रीपर्यंत लिहा, मी जाताना बघून जाईन.