सरसकट फेकू म्हणू नका
वर कुणीतरी लिहिलंय की तिखटमीठ लावून सांगणारा माणूस खोटारडाच, त्याचं काहीच खरं धरू नये. मला नाही पटत. आमचा मामा 26 जुलै 2005 ला कुर्ल्याहून घाटकोपरला चालत आला, त्याच्या गोष्टीत पाणी आधी गुडघ्याएवढं होतं मग कंबरेएवढं झालं आता गळ्याशी आलंय, आणि त्याने सुरुवात केली की पोरं एकमेकांना डोळा मारतात. अरे पण त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला होता, आणि शेजारच्या काकूंना हात धरून त्यानेच घरी आणलं, त्या अजून सांगतात. पैशाच्या व्यवहारात थापा मारणारा वेगळा, त्याला चार हात लांबच ठेवा. मामाला फेकू म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.