खारघरला झाडं लावली, ड्रोनने फोटो काढले, पण पावसात मावशींना बसमध्ये घेईनात

ट्रान्सहार्बर_लटकंती

परवा शनिवारी आमच्या कंपनीचं वृक्षारोपण झालं खारघरच्या डोंगरावर. टी-शर्ट, टोप्या, वडापाव, ड्रोन, सगळं साग्रसंगीत. सामाजिक जबाबदारी आपल्या डीएनएमध्ये आहे असं एचआरच्या मॅडम भाषणात म्हणाल्या. ठीक आहे, मीपण दोन रोपं लावली, चिखलात चप्पल तुटली ते वेगळंच.

सोमवारी सकाळी धो धो पाऊस. ऐरोली स्टेशनबाहेर कंपनीची बस उभी, निम्मी रिकामी. आमच्या मजल्यावरच्या हाउसकीपिंगच्या दोन मावशी, एक दिघ्याहून येते आणि एक कळव्याहून, छत्र्या सांभाळत बसच्या बाजूने चालत निघालेल्या. मी म्हटलं चढा की आत, तर ड्रायव्हर म्हणतो गळ्यात ओळखपत्राचा निळा पट्टा असेल तरच, हिरवा पट्टा नाही चालत, अ‍ॅडमिनचा मेल आहे. निळा म्हणजे कंपनीच्या रोलवर, हिरवा म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. दिघ्याच्या मावशी ११ वर्षं त्याच मजल्यावर आहेत हो, माझ्याही आधीपासून. तेवढ्यात चार कॉन्ट्रॅक्टर झाले. दर वेळी शर्टाचा रंग बदलतो, मावशी त्याच, आणि दर वेळी नोकरी पहिल्या दिवसापासून मोजायची, म्हणजे ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना एकरकमी मिळणारे पैसे) ५ वर्षं आयुष्यात भरायची नाहीत.

माझं म्हणणं एवढंच की डोंगर नंतर, आधी गेटच्या आत बघा. जी माणसं रोज तुमच्यासाठी राबतात त्यांना पगार, रजा, पीएफ, पावसात बसायला सीट, हे नीट होत नसेल तर त्या एचआरने जबाबदारीबिबदारी बोलूच नये. काय वाटतं? (आणि "मग सोड नोकरी" म्हणायला येऊ नका, घणसोलीच्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत.)

एचआरवाली_नेरूळ

१२ वर्षं एचआरमध्ये आहे, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. बसचं वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही दोन वेगळी पाकिटं एक करताय.

झाडं लावली ती सीएसआरमधून, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी. त्याला कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावेच लागतात. आणि नियमातच लिहिलंय की स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च त्यात धरता येत नाही. म्हणजे झाडं लावली नसती तर ते पैसे मावशींना मिळाले असते असं काही नाहीये.

दुसरं, हाउसकीपिंगचं टेंडर एचआर काढत नाही, परचेस काढतं. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाव भरणारा, कोण तो आला, आम्हाला कळतं तेव्हा ऑर्डर निघालेली असते. आणि तिसरं, जे तुम्हाला आवडणार नाही. लीगलवाले आम्हाला सांगतात की कॉन्ट्रॅक्टच्या लोकांना फार जवळ घेऊ नका, रजा तुम्ही मंजूर करू नका, दिवाळीची मिठाईसुद्धा कॉन्ट्रॅक्टरच्या हातून वाटा, नाहीतर उद्या कोर्टात हे कॉन्ट्रॅक्ट नुसतं दाखवायला आहे, खरी माणसं कंपनीचीच, असं ठरलं की सगळ्यांना रोलवर घ्यायची पाळी येते. पट्ट्याचा रंग त्यातूनच आलाय. कोणाला हौस नाही.

ट्रान्सहार्बर_लटकंती

ताई, म्हणजे हे असं झालं. अ‍ॅडमिन म्हणतं त्या आमच्या नाहीत म्हणून बस नाही. सीएसआरला विचारलं तर म्हणणार त्या तर आपल्या इथल्याच, त्यांच्यावर खर्च दाखवता येत नाही. लीगल म्हणतं मिठाईसुद्धा लांबून द्या. मग मावशी आहेत तरी कोणाच्या?

बाजारभाव

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मावशींना परवडतं म्हणून ११ वर्षं येतात, न परवडतं तर सीवूड्सच्या मॉलमध्ये गेल्या असत्या. उगाच खर्च वाढवा, मग बघा फरशी पुसायचं मशीन येतं की नाही, चार मावशींच्या जागी एक. कंपनीने टॅक्स भरावा, पगार वेळेवर द्यावा, बाकी समाजसेवा करायला समाज आहे.

वागळे_रिटायर्ड

बाजारभाव, पगार वेळेवर हे वाक्य सहज टाकलंत, तिथेच तर सगळी गोम आहे.

मी वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ३१ वर्षं होतो, शेवटी वेल्फेअर ऑफिसर. आता ती कंपनी नाही, तिच्या जागी काचेची बिल्डिंग आहे. वेल्फेअर ऑफिसर ही काय मालकाची कृपा नव्हती, फॅक्टरी ॲक्ट १९४८ मध्येच होतं, ५०० कामगार झाले की ठेवावाच लागे, २५० झाले की कॅन्टीन. माझं टेबल कॅन्टीनशेजारीच होतं, मुद्दाम तिथे मागून घेतलेलं. कोणाची पोरगी आजारी, कोणाची सोसायटीची उचल, कोण दारू पिऊन येतो, सगळं जेवणाच्या सुट्टीत कळायचं. युनियनवाले मला मालकाचा चमचा म्हणायचे आणि मालक युनियनचा माणूस, म्हणजे काम बरोबर चाललं होतं म्हणायचं.

आता पर्सोनेलचं एचआर झालं, एचआरचं पीपल अँड कल्चर झालं, आणि कॅन्टीनमध्ये एचआरचं कोणी बसत नाही. कायदे नाहीत म्हणून हे होतंय असं नाही. नोव्हेंबर २०२५ ला तर जुने कामगार कायदे एकत्र करून चार लेबर कोड लागू झाले, फिक्स्ड टर्मवाल्याला (ठरावीक मुदतीसाठी थेट कंपनीने घेतलेल्याला) एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आली त्यात. पण मावशी फिक्स्ड टर्मच्या नाहीत, कॉन्ट्रॅक्टरच्या आहेत, म्हणजे परत तिथेच.

रबाळेचा_शॉप

मी दुसऱ्या बाजूचा. रबाळे एमआयडीसीत ३४ माणसांचं शॉप, व्हीएमसी आणि लेथ मशीनवर धातूचे पार्ट बनवतो. आम्हाला सीएसआर लागू नाही, एचआर म्हणजे माझी बायको. तुमच्या मोठमोठ्या कंपन्या मला सप्लायर कोड ऑफ कंडक्ट पाठवतात, २८ पानी. कामगारांना वेळेवर पगार द्या, ओव्हरटाइम डबल द्या, मानवी हक्क जपा, खाली सही शिक्का. मी करतो सही. आणि बिल कधी देतात? १२० दिवसांनी. पगार ७ तारखेला द्यायचा हा कायदा मला, आणि छोट्या उद्योगांना ४५ दिवसांत पेमेंट द्या हा २००६ चा कायदा त्यांना, तो मात्र कुठे फाईलीत. मध्ये इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) आलं, वेळेत पेमेंट नाही दिलं तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, तेव्हा वाटलं आता सुधारतील. एका पार्टीने फोन करून सांगितलं, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोटा उद्योग असल्याची सरकारी नोंदणी) बिलावर छापू नका. घ्या.

मागच्या मार्चला बायकोच्या पाटल्या ठेवून पगार केलाय मी. तेव्हा मावशींचा कॉन्ट्रॅक्टर चोर असेलही, पण त्यालाही बिल कधी मिळतं ते विचारा एकदा.

एचआरवाली_नेरूळ

@रबाळेचा_शॉप हे पटलं, पेमेंट टर्म्स आमच्या चर्चेत येतच नाहीत. टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना सेबीचा बीआरएसआर रिपोर्ट (कंपनी जबाबदारीने वागते का याचा) भरावा लागतो, त्यात परमनंट किती, नॉन-परमनंट किती, किमान वेतन कोणाला, सगळं वेगवेगळं विचारतात. मी भरलाय तो. कॉन्ट्रॅक्टच्या रकान्याला माहिती कॉन्ट्रॅक्टर जी देईल ती. पडताळायला माणूस नाही, वेळ नाही. हे कबूल करते.

दोन_पिल्लांची_आई

मावशींचं सोडा, निळ्या पट्टेवालीचं ऐका. २०१७ पासून ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर पाहिजे, आईला दिवसातून ४ वेळा मुलाकडे जाता आलं पाहिजे. आमच्या कंपनीने केलं, नाही म्हणायला. ऑफिस महाप्याला आणि टायअप केलेलं पाळणाघर खारघरला! ४ वेळा काय, एकदा गेले तर संध्याकाळ. पॉलिसीच्या कागदावर टिक झाली, महिला दिनाला गुलाब मिळाला. २६ आठवड्यांची रजा घेऊन आले तर माझा प्रोजेक्टच नव्हता, ते अजून वेगळं.

आणि वाईट म्हणजे तिथे आमची मुलं ज्या ताई सांभाळायच्या त्यांची स्वतःची पोरं गावाला आजीकडे.

कोपरखैरणेकर

एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. बाबा मार्केटला माथाडी होते, आधी मस्जिद बंदर, मग वाशीला. १९६९ चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांनी लढून आणलेला. त्यात माणसाची नोंद माथाडी बोर्डाकडे, मालकाकडे नाही. व्यापारी पैसे बोर्डात भरणार, वर लेव्ही (मजुरीवर ठरलेली टक्केवारी) भरणार, त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा. बाबांनी आयुष्यात वीसेक गाळ्यांवर काम केलं असेल, मालक बदलले तरी नोकरी मोडली नाही. आम्ही राहतो ते घर माथाडीचंच. वॉचमनसाठीपण १९८१ चा कायदा आहे महाराष्ट्रात, सुरक्षारक्षक मंडळ. म्हणजे शर्टाचा रंग बदलला तरी वर्षं मोजायची कशी हे गणित आपल्याकडे ५० वर्षांपूर्वी सुटलेलं आहे. हाउसकीपिंगला तसं बोर्ड का नको?

रबाळेचा_शॉप

नको रे बाबा. तुझे बाबा पाठीवर पोती वाहायचे, त्यांना नमस्कार. पण आज माझ्या गेटवर माथाडीच्या नावाने जे येतात त्यांनी कधी पोतं उचललेलं नाही. फोर्कलिफ्टने माल उतरला तरी यांचे पैसे पाहिजेत. बोर्ड आणा, सहा महिन्यांत फरशी न पुसणाऱ्या मावशींचे दादा येतील वसुलीला.

कोपरखैरणेकर

ती खंडणी आहे, खऱ्या माथाड्यांनाही त्यांचा त्रास होतो. त्यासाठी पोलीस आहेत, म्हणून काय कायदा बुडवायचा का. कॉन्ट्रॅक्टर पीएफ खातो तेव्हा तुम्ही पीएफ बंद करा म्हणत नाही ना.

बाजारभाव

पीएफ खातो ही अफवा. आजकाल सगळं ऑनलाइन आहे.

ट्रान्सहार्बर_लटकंती

ऑनलाइन आहे म्हणूनच आज जेवणाच्या सुट्टीत दिघ्याच्या मावशींच्या फोनवर उमंग अ‍ॅप टाकून पासबुक उघडलं. आधार लिंक करायला अर्धा तास गेला, ओटीपी मुलाच्या फोनवर जात होता. शेवटची एन्ट्री नोव्हेंबरची. नवीन कॉन्ट्रॅक्टर डिसेंबरला आला. पगारातून मात्र १२ टक्के दर महिन्याला कापलेत, पेस्लिपा त्यांनी घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवलेल्या, सात आहेत. मला म्हणाल्या, साहेब, राहू द्या, काढून टाकतील.

वागळे_रिटायर्ड

राहू देऊ नका. पण घाईही करू नका.

एचआरवाली_नेरूळ

@ट्रान्सहार्बर_लटकंती हे वेगळं प्रकरण आहे, यात मी तुमच्याशी वाद घालणार नाही. कॉन्ट्रॅक्टरने पीएफ नाही भरला तर जबाबदारी प्रिन्सिपल एम्प्लॉयरची, म्हणजे तुमच्या कंपनीची. कॉन्ट्रॅक्टरच्या बिलाला दर महिन्याला पीएफचं चलन आणि नावांची यादी जोडायची असते, कोणीतरी यादी न बघता सात बिलं पास केली आहेत. मावशींचं नाव कुठेही टाकू नका. आधी सगळ्या साईटची यादी मागा, ऑडिटचं कारण द्या, एकट्या त्यांचं विचारलंत तर उद्या त्याच घरी बसतील. पेस्लिप आणि पासबुकचे फोटो आजच काढून ठेवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा मला, मेल कसा लिहायचा ते सांगते.

ट्रान्सहार्बर_लटकंती

केला व्यनि. आणि बसचं?

एचआरवाली_नेरूळ

बसचं मला अजून पटलेलं नाही. इन्शुरन्स कोण देणार ते आधी सांगा.