सॅक कमी असलेला कॉलेजचा डिफेन्सिव्ह टॅकल एनएफएलसाठी कसा जोखावा?

प्रश्न

नमस्कार. गेले काही हंगाम मी अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल नियमितपणे पाहतो आहे आणि ड्राफ्टपूर्वी (एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात त्याआधी) खेळाडूंविषयी स्वतःचे मत बनवण्याचा प्रयत्न करतो आहे. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक किंवा तो झेलणारा रिसीव्हर यांच्याबाबत काय पाहायचे याचा थोडाफार अंदाज येतो. परंतु बचावाच्या पहिल्या फळीत मध्यभागी खेळणाऱ्या टॅकलच्या बाबतीत मी हमखास गोंधळतो. मोठ्या विद्यापीठाच्या संघात, विरोधी आक्रमक फळीच्या मध्यभागी असणाऱ्या सेंटरच्या अगदी समोर उभा राहणारा एक खेळाडू मी सध्या पाहतो आहे. पूर्ण हंगामात त्याच्या नावावर जेमतेम दोन-तीन सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) आहेत. तरीही काही जाणकार त्याला पहिल्या फेरीत धरतात, तर काही थेट तिसऱ्या फेरीत ढकलतात. अशा खेळाडूचा निवाडा कशावरून करावा, आणि कंबाइनमधील (ड्राफ्टपूर्वीच्या शारीरिक चाचण्यांमधील) मोजमापांना किती वजन द्यावे?

पहिले उत्तर

सर्वांत आधी त्या खेळाडूवर काम कोणते सोपवले आहे ते पाहावे, कारण ते कळल्याशिवाय सॅकच्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. सेंटरसमोर उभ्या राहणाऱ्या नोज टॅकलकडून बहुतेक वेळा अपेक्षा अशी असते की त्याने सेंटर आणि त्याच्या शेजारचा गार्ड या दोघांना स्वतःवर ओढून घ्यावे, आपल्या दोन्ही बाजूंच्या गॅप (आक्रमकांमधील फटी) सांभाळाव्यात आणि फळीमागे उभ्या असणाऱ्या लाइनबॅकरला मोकळे धावू द्यावे. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभ्या राहणाऱ्या टॅकलला मात्र एकच गॅप भेदायची असते, त्यामुळे क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचण्याची संधी त्याला कितीतरी जास्त मिळते. जॉर्जिया विद्यापीठाचा जॉर्डन डेव्हिस २०२२ मध्ये १३ व्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा त्याच्या सॅक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पण ३४१ पौंड वजनाच्या त्या खेळाडूला जागेवरून हलवणे विरोधकांना जमत नव्हते, आणि संघांनी किंमत मोजली ती त्याची.

आता प्रत्यक्ष खेळ पाहताना चेंडूवरची नजर काढून घ्यावी आणि एकच खेळाडू सलग पाहावा, शक्य असेल तर एंड झोनच्या मागच्या कॅमेऱ्यातून. स्नॅप होताच, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देताच, त्याचे पहिले पाऊल शेजाऱ्यांबरोबर पडते की त्यांच्याही आधी, हे पाहावे. त्यानंतर हात. समोरचा गार्ड छातीवर तळवे रोवायला येतो, त्या निमिषात चांगला टॅकल त्याचे मनगट खालून उडवतो आणि स्वतःचे हात आत घालून त्याच्या छातीवर पकड घेतो. हात आत गेले की गार्डचे खांदे वर उचलले जातात, त्याच्या टाचांवर भार येतो आणि तेथून पुढे त्याला कोठे न्यायचे ते टॅकल ठरवतो. हात बाहेर राहिले तर तीनशे पौंडांचे शरीरसुद्धा नुसते ढकलले जाते. डबल टीमच्या वेळी, म्हणजे दोन आक्रमक मिळून अडवतात तेव्हा, तो एक गुडघा खाली आणून, कंबर खाली ठेवून जागा राखतो की उंच उभा राहून दोन यार्ड मागे जातो, हे मोजत जावे. आणि चौथ्या क्वार्टरमध्येही त्याचे खांदे तितकेच खाली राहतात का, हेही अवश्य पाहावे. माझ्या मते हा एक तपास अर्ध्या आकडेवारीपेक्षा जास्त सांगून जातो.

दुसरे उत्तर

वरील म्हणणे मला मान्य आहे. मात्र त्यातून ‘आकडे पाहूच नयेत’ असा अर्थ कोणी काढू नये. ॲरन डोनाल्डचे नाव अशा चर्चेत नेहमी येते, जणू काही त्याचे कर्तृत्व कोणाला दिसलेच नव्हते. वस्तुस्थिती अशी की पिट्सबर्ग विद्यापीठाकडून खेळताना २०१३ च्या हंगामात त्याने ११ सॅक केल्या आणि २८.५ वेळा विरोधकांना खेळ सुरू झाला त्या रेषेच्या मागेच पाडले. शंका होती ती त्याच्या चणीविषयी. सुमारे ६ फूट १ इंच उंची आणि २८५ पौंड वजन हे मध्यभागी खेळणाऱ्यासाठी अपुरे मानले गेले आणि २०१४ मध्ये तो १३ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला. पुढे २०१७, २०१८ आणि २०२० असा तीनदा तो एनएफएलचा सर्वोत्तम बचाव खेळाडू ठरला.

याच्या उलट टोकाला व्हर्नन घोल्स्टनचे उदाहरण आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाकडून २००७ मध्ये १४ सॅक, कंबाइनमध्ये डोळे दिपवणारी कामगिरी, २००८ मध्ये एनएफएलच्या जेट्स संघाकडून सहाव्या क्रमांकावर निवड, आणि व्यावसायिक कारकिर्दीत एकही सॅक नाही. कॉलेजमध्ये तो हात जमिनीला टेकवून फळीच्या टोकाला खेळणारा एंड होता, तर जेट्सने त्याला बाहेरचा लाइनबॅकर केले. हे एक कारण निश्चितच. पण त्याहून मोठी अडचण अशी की पहिला डाव अडवला गेल्यावर करायचा दुसरा डाव त्याच्याकडे पुरेसा तयार नव्हता. कॉलेजच्या दुबळ्या आक्रमक टॅकलसमोर निव्वळ वेगावर भागते, एनएफएलमध्ये भागत नाही. म्हणून सॅक मोजण्याऐवजी ती कशी मिळाली ते पाहावे: क्वार्टरबॅकने चेंडू फार वेळ धरून ठेवल्यामुळे आयती मिळाली, की समोरच्याला स्वतः हरवून मिळवली.

कंबाइनविषयी माझे मत स्पष्ट आहे. लाइनमन सरळ रेषेत ४० यार्ड क्वचितच धावतो, त्यामुळे पूर्ण वेळेपेक्षा पहिल्या १० यार्डांची वेळ आणि थ्री-कोन ड्रिलमधील (तीन शंकूंभोवती धावण्याच्या चाचणीतील) वळण्याची सफाई अधिक उपयोगाची. २२५ पौंडांचा बेंच प्रेस ताकद दाखवतो. पण ती ताकद कंबरेतून हातात कशी येते, ते फक्त खेळातच दिसते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका उरते. ज्याच्या दोन्ही बाजूंना उत्तम खेळाडू आहेत, त्याचे यश स्वतःचे किती आणि सोबतीचे किती, हे कसे वेगळे काढावे?

पहिले उत्तर देणारे

हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे आणि संघांचे त्यावर खरोखर एकमत होत नाही. जॉर्जियाच्या २०२१ च्या बचावातील पाच जण पुढच्या ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत गेले. त्यांतील ट्रेव्हॉन वॉकरला त्या हंगामात केवळ ६ सॅक असूनही जॅग्वार्स संघाने पहिल्या क्रमांकावर घेतले, तर मिशिगनकडून १४ सॅक करणारा एडन हचिन्सन दुसऱ्या क्रमांकावर लायन्सकडे गेला. वॉकरला सतत जागा बदलून, अनेकदा आतल्या बाजूला खेळवले जात असे आणि त्याचे हात विलक्षण लांब होते, म्हणून जॅग्वार्सने पुढे काय घडू शकेल यावर भरवसा ठेवला. माझा स्वतःचा कल मात्र जे घडून दिसले आहे त्याकडे अधिक असतो.

आपल्या खेळाडूपुरते सांगायचे तर सर्वांत तगड्या आक्रमक फळीविरुद्धचे दोन-तीन सामने निवडावेत आणि त्यांतील केवळ एकास-एक झुंजी वेगळ्या काढून पाहाव्यात, कारण तेथे शेजाऱ्याची मदत नसते. तो अलाबामातील मोबाइल शहरात होणाऱ्या सीनियर बोलमध्ये (ड्राफ्टपूर्वीच्या निवडक कॉलेज खेळाडूंच्या सामन्यात) खेळणार असेल, तर तेथील सरावातील एकास-एक झुंजी अवश्य पाहाव्यात. फक्त त्या सरावात आक्रमक खेळाडूला कोणाचीही मदत नसते आणि बचावपटूला मोकळी जागा मिळते, त्यामुळे तेथील जिंकण्याला थोडे कमी आणि हरण्याला थोडे जास्त महत्त्व द्यावे.