मदत हवी आहे: ऊस क्लोनच्या निवडीत जमिनीचा कल (शेतभर बदलत जाणारा कस) कसा वेगळा काढायचा?

लातूर जिल्ह्यात उसाच्या १८० नवीन क्लोनची (वाण म्हणून निवडीच्या उमेदवारांची) चाचणी ऑगमेंटेड डिझाइनमध्ये आहे. म्हणजे प्रत्येक क्लोन एकदाच, आणि को ८६०३२ व फुले २६५ हे तुलनेसाठीचे चेक वाण प्रत्येक ब्लॉकमध्ये. लागण आणि पहिला खोडवा, दोन्हींचा ब्रिक्स (रसातल्या साखरेचा अंदाज देणारं माप), उसांची संख्या आणि वजन हाताशी आहे.

आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लोन आणि ब्लॉक दोन्ही रँडम (यादृच्छिक परिणाम) धरून मॉडेल चालवलं. ब्रिक्सचे ब्लप (मॉडेलने काढलेले प्रत्येक क्लोनचे अंदाज) पटण्यासारखे आले. उत्पादनात मात्र क्लोनचा व्हेरिअन्स (क्लोनमुळे पडणारा फरक) जवळपास शून्य. कारण डोळ्यांना दिसतंय: ओढ्याकडे खोल काळी, वर मुरमाड, आणि ब्लॉक नेमके उताराच्या दिशेनेच लांब पडलेत, म्हणजे एकाच ब्लॉकमध्ये दोन्ही जमिनी. नुसत्या वजनावर क्रम लावला तर वरचे बहुतेक क्लोन ओढ्याकाठचे! रँडम फॉरेस्ट ही मशीन लर्निंगची पद्धतही लावून पाहिली. लागणीच्या आकड्यांवर झकास, खोडव्याचा अंदाज काढायला गेलं की ढेपाळते. एवढ्याशा डेटावर तिच्याकडून फार अपेक्षा नव्हतीच म्हणा.

डीएनए मार्करचा डेटा नाही, बजेटही नाही. मादी पालक माहीत आहे, नर नाही. प्लॉटचे ओळ-स्तंभ क्रमांक आहेत. पुढच्या टप्प्यात जागा फक्त ३० क्लोनपुरती.

तर स्पॅट्स (SpATS, ओळ-स्तंभावरून शेतातला कल काढणारं आरचं पॅकेज) वापरून लागण आणि खोडव्यातला जमिनीचा कल आधी वेगवेगळा काढून मग ब्लप एकत्र करावेत, की दोन्ही पिकं एकाच मॉडेलमध्ये घेऊन मादी कुटुंबही (एकाच मादी पालकाचे क्लोन) रँडम धरावं? चेकचे प्लॉट इतके कमी असताना यातलं जास्त भरवशाचं कोणतं?