जुन्या पेडल स्टीलच्या खुंट्या झिजल्यात, बदलाव्यात का? सल्ला हवा

दहातारी
मंडळी, माझ्याकडे सत्तरच्या दशकातली सिंगल नेक, दहा तारांची शो-बड कंपनीची पेडल स्टील (पेडल दाबून तारांचा सूर बदलता येणारी आडवी गिटार) आहे. ट्यूनिंग ई-नाइन (तारा लावायची एक ठरलेली पद्धत). खुंट्या जुन्या क्लुसन कंपनीच्या पद्धतीच्या, वर पत्र्याची डबी असलेल्या. ३ आणि ५ नंबरच्या खुंट्या फारच सैल झाल्यात. बटण बरंच फिरवलं तरी तार ढिम्म हलत नाही आणि मग एकदम उडी मारून सुराच्या पुढे जाते. दोन बटणांचं प्लॅस्टिक तर चुरा होऊन गळतंय. शिवाय बी पेडल (३ नंबरच्या तारेचा सूर चढवणारं) दाबून सोडलं की ३ नंबरची तार किंचित उतरलेलीच राहते. सगळ्या दहा खुंट्या काढून ग्रोव्हर कंपनीच्या बंद डबीच्या रोटोमॅटिक खुंट्या बसवायचं मनात आहे. गिअर १४:१ (बटणाचे १४ फेरे म्हणजे खांबाचा एक) घ्यावा की १८:१? आणि कीहेडची (खुंट्या बसवलेल्या डोक्याच्या भागाची) भोकं मोठी करावी लागली तर करू का? ड्रिल लावायला हात धजत नाहीये.

षड्जपंचम
ड्रिल आधी कपाटात ठेवून द्या.

तुमच्या तक्रारी दोन वेगळ्या आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी असावीत. बटण फिरून तार न हलणं हा खुंटीचाच दोष. बटणाला जोडलेलं मळसूत्र आणि खांबावरच्या चक्राचे दात झिजले की मधे फट पडते. पण तार उतरलेली राहणं बहुधा खुंटीमुळे नाही. मळसूत्र चक्राला फिरवतं, चक्र मळसूत्राला फिरवू शकत नाही. त्यामुळे सूर नेहमी खालून वर चढवत आणलात तर तारेचा ताण ती फट मिटवून धरतो आणि झिजलेली खुंटीसुद्धा जागची हलत नाही. लावताना सूर पुढे गेला तर तिथूनच मागे आणू नका. चांगला खाली उतरवा आणि पुन्हा चढवा.

खात्री करायची असेल तर बारीक पेनाने खुंटीच्या खांबावर आणि शेजारी कीहेडवर मिळून एक सरळ रेघ ओढा. बी पेडल जोरात बरेचदा दाबा. सूर उतरला पण रेघ तुटली नाही, म्हणजे खुंटी निर्दोष. मग रोलर नटच्या (खुंट्यांजवळ तारा ज्या फिरत्या चाकांवरून जातात त्या पट्टीच्या) मागची तार बोटाने हलकेच दाबून सोडा. सूर वर येऊन जागेवर बसला तर रोलर अडकतोय. पेडल दाबल्यावर तार चेंजरकडे (दुसऱ्या टोकाला तार ओढणाऱ्या यंत्रणेकडे) सरकते आणि सोडल्यावर रोलर तिला पूर्ण मागे येऊ देत नाही. उलट तार चढी राहत असती तर मी चेंजरकडे बघितलं असतं, तिथलं फिंगर (तार अडकवलेला हलता तुकडा) थांब्यापर्यंत परत येत नसतं.

३ नंबरची तार या सगळ्यात सगळ्यात नाजूक. ०.०११ इंचाची ती तार जी-शार्पला लावलेली असते, बी पेडल तिला ए पर्यंत, म्हणजे ४४० हर्ट्झला नेतं. नटवर थोडंसं घर्षण असलं तरी पहिली तीच बोलते.

खरजवाला
रोलरबद्दल पटलं. पण खुंट्यांचं म्हणाल तर मी बदलाव्यात याच मताचा. बंद डबीच्या, आत वंगण भरलेल्या खुंट्यांवर सूर लावताना जो हलका, सलग हात मिळतो तो नुसत्या पत्र्याने झाकलेल्या जुन्या गिअरवर मिळत नाही. १८:१ असेल तर बारीक श्रुतीचा फरकही सहज साधतो. पेडल स्टीलवर तिसऱ्या सुरांच्या जोड्या कानाने किंचित खाली लावायच्या असतात, तिथे हे फार कामाला येतं. रोटोमॅटिकमध्ये बटणाच्या टोकाचा स्क्रू आवळून हात जड-हलका करता येतो, हा आणखी एक फायदा.

षड्जपंचम
@खरजवाला, हात छान लागतो यात वाद नाही. माझा आक्षेप भोकांना आहे. साध्या गिटारवर जुन्या क्लुसनच्या बुशला (खांबाभोवतीच्या धातूच्या कड्याला) ११/३२ इंच, म्हणजे ८.७ मिमी भोक लागतं आणि रोटोमॅटिकला १० मिमी. स्टीलच्या कीहेडवर हे आकडे निर्मात्याप्रमाणे बदलतात, म्हणून व्हर्नियरने मोजल्याशिवाय काहीच मागवू नका. भोकाबरोबर दोन खांबांमधलं अंतरही मोजा, कारण रोटोमॅटिकची डबी रुंद असते आणि एका ओळीत पाच बसवताना एकमेकींना भिडू शकते. खांबाची उंचीही बघा. खांब उंच असेल तर तार नटवर पुरेशी दाबून बसत नाही आणि रोलरवर झणझण येते.

ॲल्युमिनियममधलं भोक एकदा मोठं केलं की मूळ खुंट्या परत नीट बसत नाहीत. इतक्या जुन्या वाद्यावर ते करू नये, हे माझं ठाम मत.

लोहस्वर
मधला रस्ता: क्लुसनच्याच मापाच्या, मूळ स्क्रूच्या भोकांत बसणाऱ्या नव्या खुंट्या मिळतात. सेट सहसा ३+३ चा असतो. तुम्हाला ५+५ लागतील, म्हणजे दोन सेट घ्या, डावी-उजवी एकेक सुटी उरेल.

पण त्याआधी जुन्या स्वच्छ करून बघा. क्लुसनच्या पत्र्याच्या डबीला बारीक भोक असतं, ते तेलासाठीच. नॅफ्थाने मळ काढून, सुकवून, सुईच्या टोकाने एक थेंब. बटणं नुसती गळत असतील तर सुटी बटणंही मिळतात, त्यासाठी अख्खी खुंटी टाकू नका.

काढताना एका वेळी एकच. सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर वाद्याचा ताण उतरतो आणि पुन्हा स्थिरावायला वेळ घेतो. ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू वर्षानुवर्षं राहिले की गंजून जाम होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा आणि खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर घ्या. डोकं घासलं गेलं तर थांबा, जोर करू नका.

दहातारी
सगळ्यांचे मनापासून आभार. रेघेची चाचणी केली. ३ नंबरची रेघ जराही हलली नाही. नटमागे तार दाबली आणि सूर वर आला! रोलर काढला तर आसावर काळी, चिकट राळ जमलेली होती. पुसून, तेलाचं बोट लावून बसवला, आता बी पेडल सोडलं की सूर जागेवर येतोय.

५ नंबरच्या खुंटीची डबी उघडून बघितली. चक्राच्या एका बाजूचे दात टोकदार होऊन चाकूच्या पात्यासारखे पातळ झालेत. ती आणि ३ नंबरची बदलणार, बाकीच्यांना फक्त तेल आणि दोन बटणं. भोकाचं माप आज रात्री घेतो आणि इथे टाकतो.

लोहस्वर
स्क्रूंमधलं अंतरही घ्या, नुसत्या भोकावर जाऊ नका. आणि जुन्या काढलेल्या दोन्ही जपून ठेवा, त्यांचे खांब आणि डब्या पुढेमागे दुसऱ्या खुंट्यांना लागतील.