संकटातील विद्यार्थ्याच्या घरी वसतिगृहाने फोन करावा का?

धागाकर्ती (प्राध्यापिका, पूर्वी वसतिगृहाच्या वॉर्डन, नागपूर)

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरातील शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, कर्मचाऱ्यांचे वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण व्हावे आणि त्या प्रशिक्षणात एलजीबीटीक्यू (समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी इत्यादी) विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचाही समावेश असावा, असे त्यांत म्हटले आहे. या सूचनांवरून आमच्याकडे नियमावलीचा मसुदा तयार होत आहे. त्यातील एका वाक्याला माझा विरोध आहे: ‘विद्यार्थी मानसिक तणावात आढळल्यास तत्काळ पालकांना कळवावे.’

असा फोन मी स्वतः केलेला आहे. खोलीतील मुलांनी एका विद्यार्थ्याचे खासगी संदेश वाचून ते मजलाभर पसरवले होते. तो समलिंगी आहे हे अशा रीतीने सर्वांना कळले, त्याने मेसमध्ये येणे सोडले आणि आठवड्याने माझ्याकडे येऊन सारे सांगितले. मी घाबरले आणि त्याच्या वडिलांना कारणासकट सर्व काही कळवले. दुसऱ्या दिवशी पहाटे गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरून त्याचा मोठा भाऊ थेट वसतिगृहात आला आणि त्याला घेऊन गेला. मुलाचे वर्ष बुडाले. तो पुढे परत आला, पण माझ्याशी मोकळेपणाने कधीच बोलला नाही. त्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार मला नव्हता, हे मला फार उशिरा कळले.

२००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, घरातून तीव्र नकार सोसलेल्या समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण, नकार न सोसलेल्या किंवा कमी सोसलेल्यांच्या तुलनेत आठपटींहून अधिक आढळले होते. समाज वेगळा असला तरी घरच्या नकाराचा धोका आपल्याकडे कमी असेल, असे मानायला मला आधार दिसत नाही.

प्रतिसाद (एक वडील, चंद्रपूर, मुलगी नागपुरात शिकते)

मॅडम, आपल्या प्रांजळपणाबद्दल आदर आहे, परंतु मी पूर्णपणे असहमत आहे. मुलगी आमची आहे. ती जेवत नाही, रात्र रात्र जागते, हे वॉर्डनला ठाऊक असावे आणि आम्हाला नसावे, ही कल्पनाही मला सहन होत नाही. उद्या काही विपरीत घडले तर आम्हालाच बोलावणार ना? मग आधी का नाही? सगळेच आईबाप वैरी असतात, असे गृहीत धरून नियम करू नयेत.

प्रतिसाद (समुपदेशक, रामदासपेठ)

दादांची भीती खरी आहे आणि कायद्याने ती विचारात घेतलेली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, मात्र जीवाला धोका असल्यास तो टाळण्यापुरती आवश्यक तेवढी माहिती देता येते. ‘तेवढी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ‘तुमचा मुलगा संकटात आहे, त्याला एकटे ठेवता येणार नाही’ हे सांगणे जीव वाचवण्यासाठी पुरेसे आहे. त्याला कोण आवडते, हे सांगितल्याने त्याच्या सुरक्षिततेत कोणतीही भर पडत नाही. याच अधिनियमाच्या कलम १४ नुसार सज्ञान व्यक्ती स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत आपल्या वतीने उभी राहणारी व्यक्ती, निवडू शकते. तो मामा असेल, मावशी असेल किंवा मोठी बहीणही असेल. प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक विद्यार्थ्याकडून ‘संकटात कोणाला बोलवावे?’ एवढे लिहून घेतले, तर निम्मा वाद मिटेल.

प्रतिसाद (तासिका तत्त्वावरील अध्यापक, नंदनवन)

कागदावर सर्व छान आहे. माझ्याकडे मार्गदर्शक म्हणून साठ विद्यार्थी सोपवले आहेत आणि मानधन महिनोन्महिने रखडते. गडचिरोली, यवतमाळहून आलेल्या मुलांची शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, तीही तणावातच असतात. मग एकाच गटासाठी स्वतंत्र व्यवस्था का? शिवाय रात्री अकरा वाजता वसतिगृहात समुपदेशक नसतो. तेव्हा घरी फोन करायचा नाही, तर आम्ही नेमके काय करायचे? आत्महत्येचा विषय उघडपणे विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात रुजणार नाही कशावरून?

प्रतिसाद (पदव्युत्तर विद्यार्थी, अंबाझरी परिसर)

सर, शिष्यवृत्ती रखडलेला मुलगा घरी फोन करून रडू शकतो. मी तसा रडू शकत नव्हतो, एवढाच फरक आहे. आम्हाला वेगळी व्यवस्था नको. आहे ते नियम आम्हालाही लागू आहेत, हे कोणीतरी उच्चारावे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत लैंगिक कलावरून होणारा छळही स्पष्टपणे समाविष्ट झाला, परंतु आमच्या वसतिगृहातील फलकावर ते कधीच लिहिलेले नव्हते. घरी कळल्यावर मला ‘बरे करण्यासाठी’ एका डॉक्टरांकडे नेण्यात आले. असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलेले आहे, हे मला तेव्हा माहीत असते तर मी नकार दिला असता. माझा जीव वाचला तो कारण न विचारता खोली बदलून देणाऱ्या एका लिपिकामुळे.

प्रतिसाद (समुपदेशक, रामदासपेठ)

अध्यापक सरांच्या शेवटच्या शंकेचे उत्तर निःसंदिग्ध आहे. शांतपणे आणि थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही. बहुतेक वेळा मुलाला हायसे वाटते. रात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. धोका तातडीचा वाटल्यास मुलाला एकटे न सोडता कोणीतरी सोबत जाऊन मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील, आकस्मिक विभागात न्यावे. आणि पोलीस प्रकरण होईल म्हणून कचरू नये, कारण २०१७ च्या अधिनियमाचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीला शिक्षेऐवजी काळजी देण्याचे कर्तव्य शासनावर टाकते.

प्रतिसाद (वडील, चंद्रपूर)

जीवाला धोका असेल तर फोन होईल, हे मला मान्य. कारण सांगणार नाही, हे अजूनही पटत नाही. मी मुलीवर हात उगारणारा बाप नाही, मग मला का कळू नये?

धागाकर्ती

कारण आपण तसे नाही, हे रात्री फोन करणाऱ्या वॉर्डनला ठाऊक नसते, आणि ठाऊक असते ते केवळ आपल्या मुलीला. म्हणून सांगायचे की नाही, हे तिनेच ठरवावे. त्या वाक्याऐवजी मी असे सुचवले आहे: ‘जीवाला धोका असल्यास विद्यार्थ्याने लिहून दिलेल्या व्यक्तीस तत्काळ बोलवावे, विद्यार्थ्याच्या लैंगिकतेविषयीची माहिती त्याच्या संमतीविना कोणालाही देऊ नये.’ मसुदा सोमवारी प्राचार्यांकडे जाईल. रात्री मुलाजवळ कोणी थांबायचे आणि त्या कामाचे मानधन कोण देणार, हा अध्यापक सरांचा प्रश्न त्यात मी जोडला आहे. त्यापुढची ओळ अजून कोरी आहे.